केविनचं काय चुकलं?

1991 साली जर्मनीत जन्मलेल्या मुलग्यांच्या नावांच्या याद्या काढल्या, तर पहिल्या क्रमांकावर केविन सापडतो. त्याच वर्षी शेजारच्या फ्रान्समध्येही पहिला नंबर केविनचाच. भाषा वेगळ्या, नावांबाबतचे कायदे वेगळे, आणि नाव दोघांपैकी कुणाचंच नव्हे, आयर्लंडचं. 2009 साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठातून प्राथमिक शिक्षकांची एक ऑनलाइन पाहणी झाली. कुठलं नाव ऐकलं की कसं मूल डोळ्यांसमोर येतं, असा साधा प्रश्न होता. शार्लोट, सोफी, अलेक्झांडर, याकोब ही नावं हुशार, वळण लागलेल्या मुलांची वाटली. शांताल, मँडी, जस्टिन ही त्रास देणाऱ्या मुलांची. केविनबद्दल तर एकाने उत्तरात लिहिलं की हे नाव नव्हे, हे रोगाचं निदान आहे. जर्मन वर्तमानपत्रांनी ते वाक्य उचलून धरलं. 1991 साली जन्मलेले केविन तेव्हा अठरा वर्षांचे होते. शाळा संपवून नोकरीचे अर्ज भरायला लागण्याचं ते वय.

या नावाचा अर्थ, उगम आणि लोकप्रियता यांचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगितलेलं बरं. केविनच्या बदनामीत नावाचा काही दोष नाही. ते नाव ज्या आईबापांनी ठेवलं त्यांच्या ऐपतीवर, शिक्षणावर आणि आवडीनिवडीवर तो ठपका आहे, आणि तो सोसावा लागतो त्यांच्या मुलांना.

नावाचं मूळ शोधत गेलं की माणूस एकदम सहाव्या शतकात जाऊन पोचतो. जुन्या आयरिश भाषेत हे नाव साधारण 'कोइवगेन' असं होतं. त्यातला पहिला भाग प्रेमळ, सौम्य, देखणा, कुलीन अशा अर्थांचा आणि दुसरा जन्म या अर्थाचा. म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. आपल्याकडच्या 'सुजात'च्या अगदी जवळचं. आजच्या आयरिशमध्ये ते 'कीवीन' असं म्हटलं जातं. लिहिताना मात्र त्यात 'म' आणि 'ह'ची अक्षरं एकत्र येतात, कारण आयरिश लेखनात ती जोडी बरेचदा 'व' म्हणून वाचतात. ते लेखन पाहून बाहेरच्या कुणालाही उच्चार कळणार नाही. इंग्रजी वळणाने लिहिलेलं केविन मात्र कुठल्याही युरोपीय माणसाला पहिल्या नजरेत वाचता येतं. हे नाव जगभर फिरलं त्यात या सोयीचा वाटा फार मोठा आहे असं मला वाटतं. शब्दाचा पहिला भाग आयर्लंडमध्ये मुलींच्या एका लाडक्या नावात अजून जिवंत आहे. त्या नावाचा उच्चार कुठे 'कीवा' तर कुठे 'क्वीवा' असा होतो.

नावाला पुण्याई मिळाली ती संत केविनमुळे. डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरांत ग्लेन्डालॉख नावाची दरी आहे. नावाचा अर्थच दोन तळ्यांची दरी. तिथे या साधूने मठ स्थापन केला. त्याचं निधन इ.स. 618 मध्ये झालं आणि तो एकशेवीस वर्षं जगला असं परंपरा सांगते. तो लेन्स्टरच्या राजघराण्यातला होता असंही सांगतात, म्हणजे नावाचा अर्थ त्याच्यापुरता तरी शब्दशः खरा. वरच्या तळ्याच्या काठी कड्यात कोरलेली एक छोटी गुहा आजही 'केविनचं अंथरूण' म्हणून दाखवतात. आत एक माणूस जेमतेम आडवा होऊ शकेल एवढीच जागा, खाली लगेच पाणी. खालच्या बाजूला दगडी छपराचं एक लहानसं चर्च आहे. त्यावरचा गोल मनोरा धुराड्यासारखा दिसतो म्हणून लोकांनी त्याला 'केविनचं स्वयंपाकघर' म्हणायला सुरुवात केली. जवळच साधारण तीस मीटर उंचीचा गोल बुरूज उभा आहे. 1398 साली इंग्रज फौजांनी मठ उद्ध्वस्त केला, तरी लोकांची यात्रा थांबली नाही. ग्लेन्डालॉखच्या सात वाऱ्या म्हणजे रोमची एक, असा हिशेब तिथे सांगितला जात असे.

त्याच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पक्ष्याची आहे. बाराव्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने आयर्लंडवर ग्रंथ लिहिला, त्यात ती येते. केविन हात पसरून प्रार्थनेत बसला होता, तेव्हा कस्तुरासारखा एक काळा पक्षी त्याच्या तळहातावर येऊन बसला आणि त्याने तिथेच घरटं बांधून अंडी घातली. पिल्लं बाहेर येऊन उडेपर्यंत केविनने हात हलवला नाही. नोबेल पारितोषिकविजेते कवी शेमस हीनी यांनी या प्रसंगावर कविता लिहिली, ती त्यांच्या 1996 सालच्या संग्रहात आहे. आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना यात्रा-मार्गदर्शक जरा घाईत असतात. एका तरुणीने त्याच्यावर प्रेम केलं, ती त्याच्या गुहेपर्यंत आली, आणि त्याने तिला तळ्यात ढकलून दिलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर शतकानुशतकं एकत्र नांदल्या. रोमने त्याच्या संतपदावर अधिकृत शिक्कामोर्तब केलं ते थेट 1903 साली.

संत एवढा मोठा असूनही एकोणिसाव्या शतकापर्यंत आयर्लंडमध्ये केविन फारसे सापडत नाहीत. त्याचं कारण इंग्रजी राज्यात आहे. दप्तरात नाव इंग्रजीत लिहायचं म्हटल्यावर कितीतरी आयरिश नावांना भलतेच जोडीदार मिळाले: टाइगचा टिमथी झाला, दीरमीदचा जेरेमाया, क्रोहुरचा कॉर्नीलियस. आपल्या मुलाला घरात एका नावाने हाक मारायची आणि कागदावर दुसरंच लिहायचं, अशी दुहेरी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. 1893 साली गेलिक लीगची स्थापना झाली आणि भाषेबरोबर नावंही परत आणण्याची चळवळ सुरू झाली. केविन त्या लाटेवर वर आलं. ते ठेवणं म्हणजे संताचं स्मरण आणि स्वराज्याची बाजू घेणं, दोन्ही एकदम.

स्वातंत्र्ययुद्धाने त्या नावाला हुतात्मा दिला. केविन बॅरी हा डब्लिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातला अठरा वर्षांचा विद्यार्थी. सप्टेंबर 1920 मध्ये ब्रिटिश सैनिकांवरच्या एका हल्ल्यात तो पकडला गेला आणि 1 नोव्हेंबर 1920 रोजी माउंटजॉय तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याच्यावर रचलेलं गाणं अमेरिकेपर्यंत गेलं, पॉल रोबसन यांनीही ते गायलं. त्याच काळातला दुसरा केविन म्हणजे केविन ओ'हिगिन्स. स्वतंत्र आयर्लंडच्या नव्या सरकारातला हा मंत्री. यादवी युद्धात, डिसेंबर 1922 मध्ये, कैदेतल्या चार विरोधकांना गोळ्या घालण्याच्या निर्णयात तो सहभागी होता, आणि त्या चौघांपैकी रॉरी ओ'कॉनर त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याचा पाठराखा होता. 1927 साली चर्चला जाताना ओ'हिगिन्सचाही खून झाला. या दोघांनंतर जन्मलेल्या आयरिश केविनांच्या आईबापांच्या मनात यांपैकी कोण होता हे विचारायची गरज नाही, गाणं बॅरीवरच झालं. पुढची पन्नास-साठ वर्षं आयर्लंडमध्ये केविन हे सरळ, देशाभिमानी, कॅथलिक घरातलं नाव होतं. कुलीनपणाचा त्यात काही बाऊ नव्हता, कमीपणा तर मुळीच नव्हता.

अमेरिकेत ते आयरिश स्थलांतरितांबरोबर गेलं आणि 1950-60 च्या दशकांत सगळ्यांचं झालं. केविन क्लाइन, केविन कॉस्टनर, केविन बेकन हे नट त्या सुमाराचेच. पुढे केविन गार्नेट, केविन ड्युरंटसारखे कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू आले, मग लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांनी ते उचललं. अमेरिकेत या नावावरून माणसाचा वंश, पैसा, शिक्षण यांतलं काहीच ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियात तर 2007 साली केविन रड यांनी स्वतःच्या पहिल्या नावाची घोषणा करून निवडणूक लढवली आणि पंतप्रधान झाले. ब्रिटनमध्ये चित्र थोडं वेगळं. तिथे 'केव्ह' म्हटलं की कामगारवस्तीतला पोरगा, अशी एक विनोदी प्रतिमा दूरदर्शनच्या मालिकांनी रुजवली. तरीही ती थट्टा होती, दारं बंद करणारा शिक्का नव्हता.

खरा पेच युरोपच्या मुख्य भूमीवरचा, आणि इथे जरा थांबायला हवं. केविन तिथे का पसरलं याचं सर्वांना तोंडपाठ असलेलं उत्तर म्हणजे सिनेमा. 1990 सालचा 'होम अलोन' जर्मनीत जानेवारी 1991 मध्ये लागला, आणि तिथल्या शीर्षकातच केविन होता. 'डान्सेस विथ वुल्व्ह्‌ज'मुळे कॉस्टनरही घराघरांत पोचला होता. उत्तर सोपं आहे, पण तारखा जुळत नाहीत. फ्रान्समध्ये केविन 1989 सालीच पहिल्या क्रमांकावर गेला होता, 'होम अलोन' यायच्या आधी, आणि त्या सिनेमाच्या फ्रेंच शीर्षकात केविनचा पत्ताही नाही. जर्मनीतही ते नाव 1980 च्या दशकभर चढत होतं. त्यामागे फुटबॉलपटू केविन कीगन होता असं बरेच जण मानतात. 1977 ते 1980 तो हॅम्बुर्गकडून खेळला, 1978 आणि 1979 असा लागोपाठ दोनदा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे स्पष्टीकरण मला सिनेमापेक्षा बरं वाटतं, पण तेही पुरेसं नाही. कारण कीगन फ्रान्समध्ये कधी खेळला नाही.

हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबर्सन यांनी 2000 साली नावांच्या आवडीनिवडीवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा इथे कामाला येतो. त्यांच्या म्हणण्यानुसार सिनेमातलं पात्र किंवा तारा नाव जन्माला घालतो असं क्वचितच होतं. बरेचदा ते नाव आधीच चढणीवर असतं, पटकथालेखकालाही ते म्हणूनच सुचतं, आणि सिनेमा त्या चढाला जोर देतो. केविनचं नेमकं तसंच झालं. उच्चारात दोनच तुकडे, शेवटी 'इन', कानाला परकं तरी जिभेला सोपं. पूर्व जर्मनीत तर रॉनी, मँडी, सिंडी अशा नावांची आधीच आवड होती. ज्या पश्चिमेकडे जाता येत नव्हतं, तिचा निदान आवाज मुलांच्या नावांतून घरात येत होता.

फ्रान्सची गोष्ट याहून खोल आहे. तिथे 1803 च्या कायद्यानुसार बाळाचं नाव संतांच्या पंचांगातलं किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसाचंच असावं लागे. नोंदणी करणारा अधिकारी नाव नाकारू शके. 1960 च्या दशकापासून हा लगाम सैल होत गेला आणि 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने आईबापांना जवळपास पूर्ण मोकळीक मिळाली. केविनची भरती आली ती या सैलावण्याच्या शेवटच्या वर्षांत. एकट्या 1991 मध्ये तिथे 13 हजारांहून जास्त केविन जन्मले. तोवर फ्रान्समध्ये नावांची चाल वरून खाली असे: पॅरिसच्या उच्चभ्रू घरांत एखादं नाव सुरू व्हायचं, मग मध्यमवर्गात यायचं, आणि कामगारांपर्यंत पोचेतो वरच्यांनी ते टाकून दिलेलं असायचं. केविनने ती शिडी वापरलीच नाही. ते थेट कामगार आणि छोटे नोकरदार यांच्या घरांत उगवलं आणि तिथेच वाढलं. ज्यांनी आजवर वरच्यांची उतरलेली नावं वापरली, त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीचं नाव देशात पहिल्या क्रमांकावर नेलं. मला ही घटना मोठी वाटते. आणि बहुधा म्हणूनच तिची एवढी चीड आली.

चीड थट्टेच्या रूपाने आली. फ्रान्समध्ये केविन म्हणजे गाडीला भडक रंग लावणारा, इंटरनेटवर अशुद्ध लिहिणारा मुलगा. जर्मनीत 'केविनिस्मुस' असा शब्दच निघाला, जणू मुलांना असली नावं ठेवणं हा आईबापांना जडलेला आजार आहे. 2015 साली तरुणांच्या बोलीतला वर्षाचा शब्द निवडण्यासाठी लांगेनशाइट या प्रकाशनाने मतं मागवली, तेव्हा 'आल्फा-केविन' हा शब्द आघाडीवर होता. अर्थ: मूर्खांतला महामूर्ख. खऱ्या माणसांचा यात अपमान होतो म्हणून प्रकाशकांनी तो यादीतून काढला.

या सगळ्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो का, यावर काही अभ्यास आहेत आणि ते नीट वाचायला हवेत. ओल्डेनबुर्गची पाहणी शिक्षकांच्या मनातल्या प्रतिमांबद्दल होती, त्यांनी दिलेल्या गुणांबद्दल नव्हती. तेव्हा शिक्षक केविनला नापास करतात असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासाने जर्मनीतल्या जोडीदार शोधण्याच्या संकेतस्थळावरचं वागणं तपासलं. केविन नावाच्या माणसाची माहिती उघडून बघायलाही लोक अलेक्झांडरच्या मानाने फार कमी तयार होते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की नकोशा नावाच्या माणसांचा आत्मविश्वास कमी आणि शिक्षण कमी. पण यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला? इथे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बातिस्त कूलमों यांचं काम मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. शालान्त परीक्षेच्या निकालांत कुठल्या नावाच्या किती मुलांना सर्वोच्च श्रेणी मिळाली, हे ते वर्षानुवर्षं मांडत आले. केविन तळाकडे, दियान, मादलेनसारखी नावं वर. आणि दर वेळी ते बजावतात की गुण नावाने मिळत नाहीत, घरातल्या शिक्षणाने आणि पैशाने मिळतात. नाव फक्त त्या घराचा पत्ता सांगतं. हे एकदा ध्यानात आलं की केविनला हसणारा माणूस नेमका कुणाला हसतो आहे ते स्पष्ट दिसतं.

दरम्यान केविन मोठे झाले. बेल्जियमचा केविन डी ब्रॉयना 1991 चा, त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तम मिडफिल्डरांपैकी एक. फ्रान्सच्या केविन मेयरने 2018 साली डेकॅथलॉनमध्ये 9126 गुणांचा विश्वविक्रम केला. बर्लिनचा केविन क्यूनर्ट 2021 मध्ये सत्ताधारी पक्षाचा सरचिटणीस झाला. 2022 मध्ये फ्रेंच संसदेत दोन केविन निवडून आले. दोघेही अतिउजव्या पक्षाचे, त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांत नावाचीही चर्चा झाली. त्यांचं राजकारण मला मान्य नाही, पण संसदेत केविन येणं ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं. नव्या बाळांना मात्र हे नाव आता दोन्ही देशांत फारसं कुणी ठेवत नाही.

आपल्याकडे केविन आहेत ते वसई, वांद्रे, गोवा, मंगळूर इथल्या कॅथलिक घरांत. काएतान, दोमिंगुश, पियेदाद अशा पोर्तुगीज वळणाच्या नावांच्या जागी इंग्रजी शाळेबरोबर ब्रायन, केविन, शॉन आले. हल्ली गुजराती घरांतही केविन दिसतो. इथे या नावाला ना हुतात्म्याचं तेज, ना कुठला डाग. पॅरिसच्या कचेरीत अर्ज बाजूला पडेल असं नाव वसईच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला सहज चालतं, यावरूनच कळतं की डाग नावात नसतो.

पण नाव बघून अर्ज बाजूला टाकणं महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे ते आडनावावरून होतं. अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. पहिल्या नावांचा इतिहासही आपल्याकडे कमी बोलका नाही. कचरू, धोंडू, दगडू ही नावं कोणत्या घरांत राहिली आणि कोणत्या घरांतून गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांनी सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता ही नावं मुलांना दिली, ती विचार करून आणि मानाने दिली. तरीही काही कचेऱ्यांत आणि काही वर्गांत त्याच नावांवरून जात ताडली जाते. फ्रेंच कामगाराने स्वतःच्या पसंतीने नाव निवडलं तेव्हा जे झालं, त्याचीच ही अधिक जुनी आणि अधिक कडू बाजू.

नाव बदलून घेणं हा उपाय अनेक फ्रेंच केविनांनी केला. मी तो कुणाला सुचवणार नाही. दुसरा उपाय वाचणाऱ्याच्या बाजूचा आहे. 2006 साली फ्रान्सने कायदा केला की पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी अर्ज नाव झाकून वाचावेत. अंमलबजावणीचा आदेश वर्षानुवर्षं निघालाच नाही, आणि 2015 मध्ये तरतूद ऐच्छिक करून टाकली. जर्मनीच्या भेदभावविरोधी संस्थेने 2010-11 मध्ये काही मोठ्या कंपन्यांना घेऊन असाच प्रयोग केला, तोही सक्तीपर्यंत गेला नाही. आपल्याकडे दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, बैठक क्रमांक असतो, आणि यात कुणालाही काही अवघड वाटत नाही. खाजगी नोकरीच्या अर्जाची पहिली चाळणी त्याच पद्धतीने करायला काय हरकत आहे, हे कंपन्यांनी एकदा स्पष्ट सांगावं.